मुतखडा का होतो आणि त्याचा बाकीच्या आजारांशी काय संबंध? काउंटरवर रोज विचारले जाणारे प्रश्न

फोंडा तालुक्यात माझी फार्मसी आहे. मार्च उजाडला की रोज एक तरी माणूस कमरेवर हात ठेवून, जरासा एका बाजूला वाकून आत येतो आणि म्हणतो खडा आहे, दुखायची गोळी द्या. गोळी देतो, डॉक्टरची चिठ्ठी असेल तर बाकीची औषधंही देतो, पण त्या २ मिनिटांत जे सांगायचं असतं ते राहून जातं. मला स्वतःला २०१६ च्या मे महिन्यात पहिला खडा झाला आणि ३ वर्षांनी दुसरा, त्यामुळे ती कळ काय असते ते माहीत आहे आणि खडा पडल्यावर आपण किती पटकन सगळं विसरतो तेही माहीत आहे. म्हणून लोक जे विचारतात तेच प्रश्न इथे घेतलेत. मी डॉक्टर नाही, फार्मासिस्ट आहे, हे वाचून औषधं स्वतःहून सुरू किंवा बंद करू नका, पण डॉक्टरला काय विचारायचं ते मात्र यातून नक्की कळेल.

खडा बनतो तरी कसा? खाल्लेलं काहीतरी जाऊन अडकतं का?

नाही, बाहेरून काही जाऊन अडकत नाही. आगरवाड्याचं किंवा रायबंदरचं मिठागर बघितलं असेल तर समजायला एकदम सोपं आहे. खारं पाणी आत घेतात, उन्हात ते आटत जातं आणि मग एके दिवशी कोणी काही न टाकता मिठाचे दाणे दिसायला लागतात. लघवीत कॅल्शियम, ऑक्झलेट (हे काही भाज्या-फळांतूनही येतं), फॉस्फेट, युरिक अ‍ॅसिड हे सगळं विरघळलेलं असतं, पाणी कमी पडलं किंवा यातलं एखादं जास्त झालं की त्याचे बारीक स्फटिक बनतात. बहुतेक वेळा ते लघवीबरोबर निघून जातात, पण काही किडनीच्या आतच चिकटून बसतात आणि त्यावर थरावर थर चढत जातो.

अजून एक गोष्ट आहे जी लोकांना माहीत नसते. लघवीत खडा होऊ न देणारे पदार्थही असतात, त्यातला मुख्य म्हणजे सायट्रेट. ते कॅल्शियमला धरून ठेवतं. ज्यांच्या लघवीत सायट्रेट कमी, त्यांना पाणी ठीकठाक पिऊनही खडे होतात, आणि मग ते म्हणतात मी तर एवढं पाणी पितो.

सगळे खडे एकसारखेच असतात ना?

अजिबात नाही, आणि सगळी गोम इथेच आहे. साधारण ७० ते ८० टक्के खडे कॅल्शियम ऑक्झलेटचे असतात. मग कॅल्शियम फॉस्फेटचे. युरिक अ‍ॅसिडचे साधारण १० टक्के. मग स्ट्रुवाइट, हे इन्फेक्शनमुळे होणारे. आणि सिस्टीनचे, जे फार थोड्यांना आणि जन्मजात दोषामुळे होतात. प्रत्येकाचं कारण वेगळं, पथ्य वेगळं, मागे लपलेला आजारही वेगळा. त्यामुळे शेजारच्या काकांना जे पथ्य लागू पडलं ते तुम्हाला लागू पडेलच असं नाही.

मे महिन्यातच एवढे पेशंट का दिसतात?

घाम. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा फार वर जात नाही पण दमट हवेत घाम इतका जातो की लघवी कमी आणि गडद होते. ट्रॉलरवर जाणारे, शॅकच्या किचनमध्ये उभे राहणारे, पावाच्या भट्टीसमोर रात्र काढणारे पदेर, टॅक्सीवाले, बांधकामावरचे कामगार, हे सगळे दिवसाला १ लिटर लघवीसुद्धा करत नसतील. आणि म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात सकाळपासून संध्याकाळपर्यंत बसणाऱ्या बायका, त्या तर मुद्दाम पाणी पीत नाहीत, कारण लागली तर जायचं कुठे आणि सामान सोडायचं कोणावर. आमच्याकडे येणाऱ्या एक मावशी आहेत, भाजी विकतात, ३ वेळा खडा झालाय. त्यांना मी एवढंच सांगितलं की बाजारातून घरी आल्यावर आणि रात्री झोपायच्या आधी तरी नीट पाणी प्या. रात्री एकदा उठावं लागलं तरी चालेल, रात्रीची लघवी सगळ्यात गडद असते आणि खडे वाढायला तीच वेळ सोयीची.

पाणी नक्की किती प्यायचं?

किती प्यायलात हे मोजू नका, किती बाहेर पडतं ते बघा. २४ तासांत २ ते अडीच लिटर लघवी व्हायला हवी. त्यासाठी एसीत बसणाऱ्याला अडीच-तीन लिटर पुरेल, उन्हात काम करणाऱ्याला ४ लिटर लागेल. रंग फिकट पिवळा, जवळजवळ पाण्यासारखा दिसला की बरोबर. इटलीत १९९६ मध्ये आलेल्या एका अभ्यासात पहिल्यांदा खडा झालेल्या लोकांपैकी एका गटाला फक्त पाणी वाढवायला सांगितलं होतं, ५ वर्षांत त्यांच्यापैकी १२ टक्के लोकांना परत खडा झाला आणि दुसऱ्या गटात २७ टक्के. नुसतं पाणी, औषध काही नाही.

ज्यांना हार्ट फेल्युअर आहे किंवा किडनीचं काम कमी झालंय त्यांनी मात्र हे ४ लिटरचं वाचून सुरू करू नका, तुमचं प्रमाण डॉक्टरच ठरवतील.

बोअरच्या पाण्यामुळे खडे होतात का? आरओ बसवू का?

पाण्यातल्या क्षारांना लोक जेवढा दोष देतात तेवढा तो नसतो. जड पाण्यातलं कॅल्शियम आपण दिवसभरात खाण्यातून घेतो त्याच्या तुलनेत थोडंच असतं. पाणी स्वच्छ आहे का हे बघायलाच हवं, पण खड्यासाठी म्हणून १५ हजारांचं मशीन घेण्याआधी त्या पाण्याचे ४ ग्लास जास्त प्या. आणि काणकोण तालुक्यात बऱ्याच जणांना झालेल्या, नक्की कारण न कळलेल्या किडनीविकाराबद्दल बरेच जण विचारतात, तो प्रकार वेगळा आहे, मुतखड्याशी त्याची गल्लत करू नका.

दूध, दही बंद करायचं ना? कॅल्शियमचा खडा आहे म्हणून सांगितलंय.

नका करू. खरंच नका करू, या एका समजुतीने लोकांचं जेवढं नुकसान केलंय तेवढं टोमॅटोनेही केलं नसेल. कॅल्शियम आणि ऑक्झलेट आतड्यात एकत्र आले की एकमेकांना चिकटतात आणि संडासवाटे निघून जातात. तुम्ही दूध-दही बंद केलं की आतड्यात ऑक्झलेट मोकळं राहतं, रक्तात शिरतं आणि किडनीतून बाहेर यायला बघतं, म्हणजे खडे कमी व्हायचे सोडून वाढतात. हेही इटलीतच तपासलं गेलंय, २००२ चा अभ्यास, लघवीतून जास्त कॅल्शियम जाणारे आणि परत परत खडे होणारे १२० पुरुष होते. अर्ध्यांना कमी कॅल्शियमचं जेवण, अर्ध्यांना नेहमीएवढं कॅल्शियम पण मीठ आणि मांसाहार कमी. ५ वर्षांनी पहिल्या गटात ६० पैकी २३ जणांना परत खडा, दुसऱ्यात ६० पैकी १२ जणांना.

म्हणून जेवताना वाटीभर दही किंवा ताक घ्याच. कॅल्शियमच्या गोळ्यांचं मात्र वेगळं आहे, त्या उपाशीपोटी किंवा रात्री झोपताना घेतल्या तर ऑक्झलेटशी गाठ पडत नाही आणि लघवीत कॅल्शियम वाढतं. मेनोपॉजनंतर हाडांसाठी गोळ्या घेणाऱ्या बऱ्याच ताई-काकू माझ्याकडे येतात. गोळी बंद करू नका, जेवणासोबत घ्या, आणि खडा होऊन गेला असेल तर ते डॉक्टरला आठवणीने सांगा.

टोमॅटो, वांगं, भेंडी? बियांचे खडे होतात म्हणतात.

बियांचे खडे होत नाहीत. टोमॅटोत ऑक्झलेट फार नसतं, कढीत एखादा पडला तर काही बिघडत नाही. जपायचं ते पालकाला, लाल भाजीला (लाल माठ), अळूला, बिटाला, आणि आपल्याकडे जे मूठमूठ खाल्ले जातात त्या काजूंना. म्हणजे कायमचं बंद असं नाही. रोज पालकाचा ज्यूस पिणं बंद. लाल भाजी उकडून पाणी टाकून दिलं तर ऑक्झलेट बरंच कमी होतं, आणि सोबत दही असेल तर आणखी बरं.

बिंबलीचा रस कोलेस्टेरॉलला चांगला म्हणून पितो, चालेल ना?

हा प्रश्न मला गेल्या वर्षी एका गृहस्थांनी विचारला आणि मी जागचा उठलो. रस अजिबात पिऊ नका. बिंबली या आंबट हिरव्या फळात ऑक्झलेट प्रचंड असतं. केरळात लोक हाच उपाय म्हणून बिंबलीचा रस पीत होते आणि २०१३ मध्ये तिथल्या डॉक्टरांनी अशा १० पेशंटांची नोंद प्रसिद्ध केली, किडनीत ऑक्झलेटचे स्फटिक भरून त्यांच्या किडन्या अचानक बंद पडल्या होत्या आणि त्यातल्या ७ जणांना डायलिसिस करावं लागलं. आमटीत २-४ फोडी किंवा पानात जरासं लोणचं ही वेगळी गोष्ट, पिळून ग्लासभर पिणं वेगळी. करमलाचंही (स्टारफ्रूट) तसंच, आणि ज्यांची किडनी आधीच कमजोर आहे त्यांनी करमल तोंडातही घालू नये, त्यातल्या एका विषारी घटकाने उचक्या, गोंधळणं, फिट येणं इथपर्यंत प्रकार होतात.

मासे सोडायचे? ते कसं जमणार?

सोडायचे नाहीत. शीतकडी (भात आणि माशांची आमटी) सोडा असं गोव्यात कोणाला सांगून कोणी ऐकणारही नाही. पण २ गोष्टी बघा.

पहिली, प्रमाण. प्राणिज प्रोटीन जास्त झालं की लघवी आम्लधर्मी होते, सायट्रेट कमी होतं, कॅल्शियम आणि युरिक अ‍ॅसिड वाढतं. तारले, बांगडे, तिसऱ्या यांच्यात प्युरिन बऱ्यापैकी असतं आणि त्यापासून युरिक अ‍ॅसिड बनतं. दुपारी कढीतला मासा, वर तळलेला, संध्याकाळी परत चिकन किंवा चोरीस (गोव्याचं सॉसेज), असं रोज नको. दिवसातून एका वेळी एक-दोन तुकडे ठीक.

दुसरी आणि माझ्या मते मोठी, मीठ. जून-जुलैत ट्रॉलर बंद असतात तेव्हा घराघरात पुरुमेंताचं (पावसाळ्यासाठी साठवलेलं) काढतात, सुके बांगडे, सुकी सुंगटं (कोळंबी), खारातली तोरं (कैऱ्या), लोणचं. जिभेला यासारखं काही नाही हे मान्य, पण किडनी सोडियम बाहेर टाकताना त्याच्याबरोबर कॅल्शियमही सोडते. जेवणातलं मीठ ६ ग्रॅमने वाढलं की लघवीतून साधारण ४० मिलिग्रॅम कॅल्शियम जास्त जातं. दिवसाचं एकूण मीठ ५ ग्रॅमच्या आत ठेवा असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, म्हणजे एक सपाट चमचा, आणि सुक्या बांगड्याच्या एका जेवणात त्यातलं किती जातं ते घरी एकदा बघा. माझी आई आता सुकी मासळी रात्री पाण्यात घालते, सकाळी ते पाणी फेकून परत एकदा धुते आणि कढीत वरून मीठ घालतच नाही. पहिल्या महिन्यात आम्ही सगळे कुरकुरलो, आता बाहेरचं जेवण खारट लागतं.

बीअर प्यायली की खडा पडतो असं मित्र सांगतात.

बीअरने लघवी वाढते म्हणून हा समज पसरला. काही मोठ्या पाहण्यांत बीअर पिणाऱ्यांत खडे जरा कमी दिसलेत हे खरं आहे, लपवण्यासारखं काही नाही. पण म्हणून ते औषध होत नाही. बीअरमुळे युरिक अ‍ॅसिड वाढतं, दुसऱ्या दिवशी अंग कोरडं पडतं, आणि खडा नळीत अडकलेला असताना जबरदस्तीने लघवी वाढवली तर मागे प्रेशर येऊन कळ आणखी वाढते. कळ चालू असताना बादलीभर पाणी पिऊनही खडा ढकलला जात नाही, तेव्हा तहानेपुरतंच प्या. बाकी हुर्राक-फेणीबद्दल तर या बाबतीत चांगलं सांगण्यासारखं काहीच नाही.

आडसर (शहाळं), लिंबू, सोलकढी, कुळीथ यातलं काय खरं काम करतं?

लिंबू करतं, कारण सायट्रेट. दिवसाला २-३ लिंबांचा रस भरपूर पाण्यात, मीठ न घालता आणि साखर नावापुरती. आडसराचं पाणी पण चांगलं, त्यानेही सायट्रेट वाढतं, पण त्यात पोटॅशियम असतं म्हणून किडनीचं काम कमी होऊन क्रिएटिनिन वाढलेल्यांनी विचारल्याशिवाय नको.

कोकमाबद्दल लोक एक बातमी दाखवतात. कोकमात आणि त्याच्या जातभाईंमध्ये हायड्रॉक्सिसायट्रिक अ‍ॅसिड असतं आणि २०१६ मध्ये ह्यूस्टन विद्यापीठाच्या टीमने दाखवलं की ते प्रयोगशाळेत कॅल्शियम ऑक्झलेटचे स्फटिक विरघळवू शकतं. बातमी खरी आहे. पण काचेच्या भांड्यातला स्फटिक आणि किडनीतला खडा यात फरक आहे, त्यामुळे सोलकढी आवडीने प्या, मीठ कमी घाला, पण तिच्यावर खडा सोपवून बसू नका. कुळथाचं कढण, पानफुटीची पानं याबद्दलही तेच. कढणाने पोटात पाणी जातं हा फायदा आहेच, मात्र ८ मिमीचा कॅल्शियमचा खडा त्याने विरघळला असं समजून ६ महिने घालवले आणि तोवर किडनी सुजून बसली असे लोक मी पाहिलेत, आणि फार वाईट वाटतं कारण तो त्रास टाळता आला असता.

औषधाने खरोखर विरघळतो तो युरिक अ‍ॅसिडचा खडा. पोटॅशियम सायट्रेटने लघवीचा पीएच (आम्लधर्मी की अल्कधर्मी याचं माप) ६.५ च्या आसपास आणला की काही आठवड्यांत तो वितळतो. हे डॉक्टरच्या देखरेखीखालीच.

मला शुगर आहे. खड्याचा त्याच्याशी काही संबंध?

खूप. आणि गोव्यात हा प्रश्न सगळ्यांनी विचारायला हवा, कारण २०२३ मध्ये आलेल्या आयसीएमआरच्या देशभरातल्या सर्व्हेत डायबिटीसचं सगळ्यात जास्त प्रमाण गोव्यात निघालं, २६.४ टक्के, देशाची सरासरी ११.४ असताना. म्हणजे चौघांत एक.

संबंध असा की टाइप २ डायबिटीसमध्ये शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही, आणि किडनीलाही अमोनिया बनवायला इन्सुलिनची मदत लागते. अमोनिया कमी पडला की लघवी जास्त आम्लधर्मी होते, पीएच ५.५ च्या खाली जातो आणि अशा लघवीत युरिक अ‍ॅसिड विरघळून राहू शकत नाही. रक्तातलं युरिक अ‍ॅसिड अगदी नॉर्मल असलं तरी खडा होतो. वजन जास्त, पोट सुटलेलं, बीपी, ट्रायग्लिसराइड जास्त, हे सगळं एकत्र असलेल्यांत हेच चक्र चालतं. हा खडा साध्या एक्सरेत दिसत नाही, सोनोग्राफी किंवा सीटी लागते.

दुसरी बाजूही आहे. ज्यांना खडा होतो त्यांना पुढे डायबिटीस आणि बीपी होण्याची शक्यता बाकीच्यांपेक्षा जास्त असते. माझंच सांगतो. पहिल्या खड्याच्या वेळी मी शुगर तपासलीच नाही, ४० ची उमर होती, वाटलं उन्हाने झालं असेल. दुसऱ्या वेळी डॉक्टरांनी एचबीए१सी (गेल्या ३ महिन्यांच्या शुगरची सरासरी) करायला लावली, ६.३ आली. म्हणजे डायबिटीसच्या दारात उभा होतो आणि खडा ३ वर्षं आधीच दार वाजवून गेला होता. तेव्हापासून कोणी खड्याची गोळी घ्यायला आला की मी पहिलं विचारतो, शुगर कधी तपासलीत?

बीपी आणि हार्टचं काय?

बीपी आणि खडा दोघेही मिठावर पोसतात, त्यामुळे एकत्र दिसतात. हार्टबद्दल, अमेरिकेतल्या नर्सेसवर वर्षानुवर्षं चाललेल्या अभ्यासातून २०१३ मध्ये दिसलं की खडा होऊन गेलेल्या बायकांत हृदयविकाराचा धोका थोडा जास्त असतो, त्याच वेळी तपासलेल्या पुरुषांत तसं दिसलं नाही. खड्यामुळे हार्ट अटॅक येतो असा याचा अर्थ नाही, घाबरू नका, पण बीपी आणि कोलेस्टेरॉल वर्षातून एकदा तपासायला हे पुरेसं कारण आहे.

गाऊट आहे, अंगठा सुजतो. त्यामुळे खडा?

हो, होऊ शकतो. युरिक अ‍ॅसिडचा तर होतोच, कॅल्शियमचाही होतो.

डॉक्टरांनी पॅराथायरॉइडची टेस्ट सांगितली. खडा किडनीत आणि टेस्ट गळ्याची का?

सांगितली हे फार चांगलं केलं. थायरॉइडच्या मागे तांदळाच्या दाण्याहून जराशा मोठ्या अशा ४ ग्रंथी असतात, त्या रक्तातलं कॅल्शियम सांभाळतात. त्यातली एखादी वाढली आणि ऐकेनाशी झाली की ती हाडांतून कॅल्शियम काढत राहते, रक्तात कॅल्शियम वाढतं, लघवीत उतरतं आणि खडे होतात. अशा माणसाला सोबत अंगदुखी, थकवा, बद्धकोष्ठता, मन उदास राहणं असं काय काय असतं, आणि प्रत्येकासाठी वेगळी गोळी चालू असते.

आमच्या गिऱ्हाइकांतल्या एक शिक्षिका, ६ वर्षांत ४ खडे. दोनदा दुर्बिणीने काढले. हात मोडला तो नुसत्या पायरीवरून घसरून. मग एका डॉक्टरने रक्तातलं कॅल्शियम बघितलं, ११ च्या वर. त्या ग्रंथींचं हार्मोन, पीटीएच, तेही जास्त. गळ्यातली ती एक गाठ काढली आणि त्यानंतर आजपर्यंत खडा नाही. ४ खड्यांच्या काळात ही साधी स्वस्त टेस्ट कोणीच सांगितली नव्हती. म्हणून दुसऱ्यांदा खडा झाला की सीरम कॅल्शियम करून घ्याच, स्वतःहून मागा.

लघवीला सारखी जळजळ होते. इन्फेक्शनने खडा होतो की खड्याने इन्फेक्शन?

दोन्ही. प्रोटियससारखे काही जंतू युरिया फोडून अमोनिया बनवतात, लघवी अल्कधर्मी होते आणि स्ट्रुवाइटचा खडा झपाट्याने वाढतो, कधी कधी किडनीच्या सगळ्या कप्प्यांत फांद्या पसरतो, सांबराच्या शिंगासारखा दिसतो. हा बायकांत जास्त. गंमत म्हणजे तो फार दुखतही नाही. नुसती अँटिबायोटिकं घेऊन इन्फेक्शन परत परत येत असेल तर सोनोग्राफी करा, कारण खड्याच्या आत बसलेल्या जंतूंपर्यंत औषध पोचत नाही, खडा पूर्ण निघाल्याशिवाय ते थांबत नाही.

आतड्याचे आजार, वजन कमी करायचं ऑपरेशन, याने पण?

हो. क्रोन्ससारखा आजार, लहान आतड्याचा भाग काढलेला असणं, बायपास प्रकारचं बॅरिएट्रिक ऑपरेशन, यात चरबी पचत नाही, ती कॅल्शियमला धरून बसते आणि ऑक्झलेट मोकळं सुटतं. शिवाय सतत जुलाब होत असतील तर पाणी आणि सायट्रेट दोन्ही जातं. अशांनी जेवणासोबत कॅल्शियम घेण्याबद्दल डॉक्टरशी जरूर बोला.

कुठल्या औषधांनी खडे होतात?

व्हिटॅमिन सीच्या जास्त डोसच्या गोळ्या, यांचं शरीरात ऑक्झलेट बनतं. कोविडच्या वेळी सुरू केल्या आणि अजून रोज चालू आहेत असे कितीतरी जण आहेत, खडा होऊन गेलेल्या पुरुषांनी तर त्या थांबवायच्याच. मायग्रेन किंवा फिटसाठीचं टोपिरामेट, त्याने सायट्रेट कमी होतं. लघवी व्हायच्या काही गोळ्या. व्हिटॅमिन डीची आठवड्याची पावडर महिनोन्‌महिने स्वतःच्या मनाने. टोपिरामेट मात्र अचानक बंद करू नका, फिट येऊ शकते.

खड्याने किडनी फेल होते का?

एका साध्या खड्याने सहसा नाही. पण परत परत होणारे खडे, महिनोन्‌महिने अडकून राहिलेला खडा, वरून इन्फेक्शन, यातून किडनीचं काम कायमचं कमी होऊ शकतं. कळ थांबली म्हणजे खडा पडला असं नसतं, कधी कधी किडनी दाबाला सरावते, दुखणं जातं आणि आत नुकसान चालूच राहतं. म्हणून दुखणं थांबलं तरी ३-४ आठवड्यांनी सोनोग्राफी करून खात्री करा. आणि डायक्लोफेनॅकसारख्या पेनकिलर खड्याच्या कळेवर चांगल्या काम करतात, पण आठवडाभर स्वतःहून घेत राहिलात तर त्याही किडनीला मारतात, विशेषतः वय जास्त, शुगर, बीपी असलेल्यांना. माझ्याकडे कोणी तिसऱ्यांदा तीच पट्टी मागायला आला तर मी देत नाही, राग आला तरी चालेल.

पित्ताशयातला खडा आणि हा एकच का?

नाही. तो बहुतेक वेळा कोलेस्टेरॉलचा, उजवीकडे बरगडीखाली, तेलकट जेवणानंतर दुखणारा. मुतखड्याची कळ पाठीतून, कुशीतून खाली जांघेकडे उतरते आणि माणूस एका जागी झोपू शकत नाही, येरझाऱ्या घालतो.

वडिलांना होता, भावाला होता, मला होणारच का? आणि लहान मुलांना?

घरात असेल तर शक्यता साधारण दुप्पट होते, होणारच असं नाही. एका घरात एकच मीठ, एकच चूल, तेही असतंच. लहान मुलाला खडा झाला तर मात्र उन्हाने झाला म्हणून सोडून देऊ नका, त्यात जन्मजात कारण सापडण्याची शक्यता जास्त, सिस्टीन, ऑक्झलेट जास्त बनवणारा दोष, किंवा मूत्रमार्गाच्या रचनेत अडथळा. पूर्ण तपासणी करूनच घ्या.

किती मोठा खडा आपोआप पडतो? कधी पळायचं?

५ मिमीपेक्षा लहान असेल तर तिघांतल्या दोघांचा पडतो. ५ ते १० मध्ये साधारण निम्म्यांचा.

पण थंडी वाजून ताप आला, लघवी बंद झाली, उलट्या थांबत नाहीत, एकच किडनी आहे किंवा गरोदर आहात, तर सकाळ व्हायची वाट बघू नका, १०८ ला फोन करा. अडकलेल्या खड्यामागे पू साचला तर काही तासांत जीव जाऊ शकतो. बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेज) युरोलॉजी विभाग आहे. गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड असेल तर बरोबर घ्या, ३ जणांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख आणि ४ किंवा जास्त जणांना ४ लाखांचं कव्हर आहे.

ऑपरेशननंतर आत डीजे स्टेंट (किडनीपासून मूत्राशयापर्यंतची बारीक नळी) ठेवला असेल तर तो कधी काढायचा ती तारीख कॅलेंडरवर लिहा, फ्रिजवर लावा, घरच्यांना सांगा. बरं वाटतंय म्हणून एकजण दीड वर्ष गेलेच नाहीत, स्टेंटवरच खडे चढले आणि आधीपेक्षा मोठं ऑपरेशन करावं लागलं.

खडा पडला तर त्याचं काय करायचं?

फ्लश करू नका! कळ येऊन गेल्यावर पुढचे काही दिवस प्रत्येक वेळी चहाच्या जुन्या गाळणीतून लघवी करा. माझा दुसरा खडा असाच सापडला, पहाटे साडेपाचला, मोहरीपेक्षा जरा मोठा, तपकिरी, आणि बाजूंनी असे बारीक टोकदार काटे की बोटाला टोचत होते, एवढ्याशा गोष्टीने मला ४ रात्री जमिनीवर लोळवलं होतं. तो धुऊन, सुकवून एका रिकाम्या औषधाच्या डबीत घालून लॅबमध्ये दिला. खड्याच्या तपासणीत तो कशाचा आहे ते कळतं. त्याबरोबर रक्तातलं कॅल्शियम, युरिक अ‍ॅसिड, क्रिएटिनिन, शुगर आणि लघवीची साधी तपासणी पीएचसकट करून घ्या. परत परत होत असेल तर २४ तासांची लघवी गोळा करून कॅल्शियम, ऑक्झलेट, सायट्रेट, सोडियम मोजतात, कॅन लॅबवाले देतात. गोळा करायला रविवार बरा पडतो, आणि त्या दिवशी मुद्दाम जास्त पाणी पिऊ नका, रोजच्यासारखंच जेवा, नाहीतर रिपोर्ट दुसऱ्याच कोणाचा असल्यासारखा चांगला येतो.